दूध संकलनाची एक्सएमएल फाईल चढत नाही, किंवा चढते पण आकडे जुळत नाहीत: कुठून तपासायचं

गावोगावच्या संकलन केंद्रांवरून दिवसाला दोन एक्सएमएल फाईली (टॅगच्या खुणांमध्ये माहिती मांडलेल्या मजकुराच्या फाईली) येतात, सकाळची आणि संध्याकाळची. त्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये चढतात आणि दर दहा दिवसांनी त्यांवरूनच उत्पादकांचं बिल निघतं. एका केंद्राची एक फाईल अडली की त्या गावातल्या सगळ्या घरांचं बिल अडतं. दहाव्या दिवशी रात्री केंद्राच्या सचिवांचा फोन येतो, "साहेब, आमच्या गावाचं एवढं बघा हो, उद्या लोक दारात येतील." या फोनमुळेच हे सविस्तर लिहितोय. हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता तपासण्यांचा क्रम ठरून गेलाय. फुकटात आणि दोन मिनिटांत होणाऱ्या तपासण्या आधी, सर्व्हरला हात लावायच्या शेवटी.

तुमच्याकडे दुधाऐवजी दुकानाची बिलं असतील किंवा पतसंस्थेचे व्यवहार असतील, तरी क्रम हाच ठेवा.

लक्षणं

- जॉब (फाईल आपोआप चढवणारं ठरलेलं काम) फेल होतो आणि संदेशात ओळ क्रमांक व अक्षर क्रमांक येतो. नेहमीचे एरर क्रमांक: ९४०० (मजकूर मध्येच संपला), ९४०२ (एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत, बदलता येत नाही), ९४२० (बेकायदा अक्षर), ९४११ आणि ९४२१ (बहुतेक वेळा & या चिन्हामुळे), ९४३८ (एक्सएमएलची आवृत्ती आणि एन्कोडिंग सांगणारी घोषणेची ओळ फाईलच्या सुरुवातीला नाही).
- जॉब यशस्वी दिसतो, पण टेबलमध्ये एकही ओळ आलेली नसते.
- नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, किंवा रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिडा दिसतो.
- बारा तारखेपर्यंत सगळं सुरळीत, आणि तेरा तारखेला अचानक तारखेची एरर.
- आधी दोन मिनिटांत होणारं काम तासभर चालतं. सर्व्हर रीस्टार्ट केला की दोन-चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

काहीही करण्याआधी मूळ फाईलची प्रत काढा

आलेली फाईल जशीच्या तशी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करा. मूळ फाईल वर्ड किंवा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. नोटपॅडमध्येही नको. हे मी फार कळकळीनं सांगतोय, कारण पुरावा नष्ट होण्याचे बहुतेक प्रसंग इथेच घडतात. देवनागरी मजकूर असलेली फाईल 'एएनएसआय' या जुन्या विंडोज एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली की प्रत्येक मराठी अक्षराचं कायमचं प्रश्नचिन्ह होतं. त्यानंतर दोष केंद्राच्या मशीनचा होता, नेटचा होता की आपलाच, हे कुणालाही सांगता येत नाही.

१. फाईल पूर्ण आली आहे का?

आधी साइज बघा. त्याच केंद्राची कालची फाईल ८० केबी आणि आजची ३१ केबी असेल, तर पुढे विचार करायची गरज नाही. फाईलची शेवटची ओळ बघा. मुळाशी असलेला, सगळ्या फाईलला वेढणारा टॅग तिथे बंद झालेला दिसला पाहिजे. नसेल, तर लाईट गेली किंवा नेट तुटलं आणि फाईल अर्धीच पोचली. ९४०० चा अर्थ तोच.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. फाईल अजून येत असतानाच जॉब ती उचलतो. तुम्ही दहा मिनिटांनी बघता तेव्हा फाईल पूर्ण असते, हातानं चढवली की चढते, आणि "आता झालं की" म्हणून विषय संपतो. आठवड्यानं पुन्हा तेच. यावरचा खरा इलाज असा: पाठवणाऱ्या प्रोग्रामनं फाईल तात्पुरत्या नावानं लिहावी, आणि पूर्ण झाल्यावरच तिला शेवटचं नाव द्यावं. जॉबनं फक्त शेवटचं नाव असलेल्या फाईली उचलायच्या. जॉबची वेळ पुढे ढकलून हा दोष जात नाही, फक्त कमी वेळा दिसतो.

आणि हातानं पुन्हा चढवताना एक सांभाळा. अर्ध्या फाईलच्या काही ओळी आधीच आत गेल्या असतील, तर त्यांचं दूध दुप्पट होईल. केंद्र, तारीख, वेळ, सभासद क्रमांक आणि दुधाचा प्रकार या पाचांवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दुसऱ्यांदा घेऊ न देणारा नियम) हवाच. दुधाचा प्रकार विसरू नका. एकाच घरातून गायीचं आणि म्हशीचं दूध एकाच वेळी येतं, आणि तो कॉलम सोडला तर खरी नोंद डुप्लिकेट म्हणून बाहेर फेकली जाते.

२. ब्राउझरमध्ये उघडून बघा

प्रतीवर राइट क्लिक करून ब्राउझरमध्ये उघडा. झाडासारखी रचना नीट दिसली, तर फाईल व्याकरणानं शुद्ध आहे आणि दोष पुढे चढवण्याच्या कोडमध्ये आहे. ब्राउझरनंही एरर दिली, तर दोष फाईलमध्येच आहे आणि डेटाबेसकडे बघायची गरज नाही. या एका तपासणीनं अर्धं मैदान मोकळं होतं, म्हणून ती इतक्या वर आहे.

३. पहिली ओळ

घोषणेच्या ओळीआधी काहीही चालत नाही. एक मोकळी जागासुद्धा नाही. ९४३८ आली तर आधी वर रिकामी ओळ शिरली आहे का ते बघा. मग फाईलमध्ये तीच घोषणा दुसऱ्यांदा कुठे सापडते का ते शोधा. काही केंद्रांचा प्रोग्राम संध्याकाळची फाईल सकाळच्याच फाईलला खाली जोडतो, आणि मग एका फाईलमध्ये दोन दस्तऐवज तयार होतात.

९४०२ चं कारण वेगळं. घोषणा म्हणते यूटीएफ-८, आणि कोडनं मात्र तोच मजकूर एनव्हारचार (एसक्यूएल सर्व्हरचा युनिकोड मजकुराचा प्रकार) म्हणून दिलेला असतो. एनव्हारचार आतून यूटीएफ-१६ धरलं जातं, दोन्हींचा मेळ बसत नाही. घोषणा काढून टाकली तरी चालतं, पण माझ्या मते फाईल मजकूर म्हणून न वाचता बाइट्स म्हणून वाचणं हाच बरा रस्ता. फाईल वाचणाऱ्या 'ओपनरोसेट बल्क' या आदेशात 'सिंगल क्लॉब' ऐवजी 'सिंगल ब्लॉब' वापरा आणि त्याचं थेट एक्सएमएल प्रकारात रूपांतर करा. मग घोषणा वाचून एन्कोडिंग ठरवायचं काम पार्सर (एक्सएमएल वाचून उलगडणारा भाग) स्वतः करतो.

४. बेकायदा अक्षरं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून थोडं थांबून सांगतो.

सोपं आधी. 'पाटील & सन्स डेअरी फार्म' असं नाव एखाद्या खात्याला असेल आणि प्रोग्राम ते तसंच फाईलमध्ये लिहीत असेल, तर पार्सर & ला संदर्भाची, म्हणजे चिन्हाऐवजी लिहायच्या ठरलेल्या संकेताची, सुरुवात समजतो. त्याच्यापुढे मोकळी जागा असली तर ९४२१, अक्षर चिकटलेलं असलं तर ९४११. एक्सएमएलमध्ये पाच चिन्हांना ठरलेले पर्याय आहेत: &, <, >, आणि दोन्ही प्रकारची अवतरणं. मजकुरातली & आणि < ही दोन तर बदलून लिहावीच लागतात. दुरुस्ती पाठवणाऱ्याकडे व्हायला हवी. आपल्या बाजूला सरसकट 'शोधा आणि बदला' केलं, तर आधीच नीट लिहिलेले संदर्भही दुहेरी बदलतात आणि नावं आणखी बिघडतात.

आता ९४२०. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालचा कोड असलेल्या, न दिसणाऱ्या नियंत्रण अक्षरांपैकी फक्त तीन चालतात: ९, १० आणि १३, म्हणजे टॅब, नवी ओळ आणि कॅरेज रिटर्न. बाकी सगळी वर्ज्य. ती सीडेटामध्ये (पार्सरनं जसाच्या तसा घ्यायच्या मजकुरात) गुंडाळली तरी वर्ज्य, आणि अंकी संदर्भ करून लिहिली तरीही वर्ज्य.

ही अक्षरं येतात कुठून, ते कळायला मला बराच काळ लागला. वजनकाटा आणि फॅट मशीन सिरियल केबलनं संगणकाला जोडलेली असतात. बरीचशी मशीन आपलं रीडिंग २ आणि ३ या दोन नियंत्रण अक्षरांच्या मध्ये पाठवतात. २ म्हणजे मजकूर सुरू, ३ म्हणजे मजकूर संपला. चांगला प्रोग्राम ही दोन्ही टोकं छाटतो. केबल ढिली असली किंवा रीडिंग अर्धवट आलं की छाटणी चुकते, आणि '३.५' च्या मागे एक अदृश्य ३ चिकटून राहतो. डोळ्यांना फक्त ३.५ दिसतं. नोटपॅड प्लस प्लसमध्ये 'सगळी अक्षरं दाखवा' चालू केलं की त्या जागी काळी चौकट उमटते. एकाच केंद्राकडून हे पुन्हा पुन्हा येत असेल तर सचिवांना केबलचे स्क्रू आवळायला सांगा. खर्च शून्य, आणि मी पाहिलेल्या कितीतरी तक्रारी तेवढ्यावर मिटल्या आहेत.

याच क्रमांकाची एरर आणखी एका कारणानं येते. बल्क कूलर (दूध थंड ठेवायची टाकी) असलेल्या केंद्राच्या फाईलमध्ये दुधाचं तापमान असतं, '४°'. अंशाचं ते छोटं वर्तुळ जुन्या विंडोज एन्कोडिंगमध्ये एकच बाइट असतं, १७६. यूटीएफ-८ मध्ये त्याचेच दोन बाइट होतात, १९४ आणि १७६. वर घोषणा यूटीएफ-८ ची आणि आत एकटा १७६ सापडला, की पार्सर तिथेच थांबतो. फाईल सांगते एक आणि आत असतं दुसरंच. घोषणा बदलून हे सुटल्यासारखं वाटतं, पण त्याच फाईलमध्ये मराठी नावं खऱ्या यूटीएफ-८ मध्ये असतील तर ती सगळी बिघडतात. तापमानाचं चिन्ह पाठवूच नका, नुसता आकडा पाठवा, असं मी प्रत्येक ठिकाणी सांगतो.

एररमधला ओळ क्रमांक १ आणि अक्षर क्रमांक ४८२१९ असा आला तर घाबरू नका. पूर्ण फाईल एकाच ओळीत लिहिलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या अक्षरापर्यंत जा आणि आजूबाजूची वीस-तीस अक्षरं बघा.

५. प्रश्नचिन्हं की गिचमिडा?

हा फरक ओळखायला शिका, कारण एकात माहिती शिल्लक असते आणि दुसऱ्यात गेलेली असते.

'महेश' च्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए', मग चलनाचं गोल चिन्ह, मग गोलातला 'आर' असं काही दिसत असेल, तर ते 'म' चे तीन बाइट आहेत: २२४, १६४, १७४. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि पहिला बाइट नेहमी २२४ असतो. म्हणून तो तिरप्या रेघेचा 'ए' सारखा सारखा दिसतो. बाइट बरोबर आहेत, वाचणारा चुकलाय. 'सिंगल ब्लॉब'नं पुन्हा वाचा, नावं जशीच्या तशी परत येतात.

'?????' दिसत असेल तर अक्षरांची जागा खऱ्या प्रश्नचिन्हानं घेतली आहे. त्यातून 'महेश' परत काढता येत नाही. कारणं बहुतेक दोनच: कॉलम एनव्हारचारऐवजी साध्या व्हारचारचा आहे, किंवा कोडमध्ये मजकुराच्या अवतरणाआधी 'एन' लावलेला नाही. कॉलम एनव्हारचार असूनही 'एन' राहिला तर नुकसान होतंच, कारण ते कॉलमपर्यंत पोचण्याआधी झालेलं असतं. (एसक्यूएल सर्व्हर २०१९ पासून यूटीएफ-८ चं कोलेशन (मजकूर साठवण्याचे आणि तुलनेचे नियम) मिळतं आणि त्यात व्हारचारही मराठी धरून ठेवतो. पण चालू डेटाबेसचं कोलेशन बदलणं हे एका संध्याकाळचं काम नव्हे.) दुरुस्ती करून मूळ फाईलवरून पुन्हा चढवा. मूळ जपून ठेवायला वर सांगितलं ते यासाठीच.

अजून एक, खास आपल्या भाषेतलं. 'गोऱ्हे' हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं: कुणी 'ऱ' या स्वतंत्र अक्षरानं, कुणी साधा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, बाइट मात्र वेगळे. कऱ्हाड, बिऱ्हाडे, सगळीकडे हेच. एक्सक्वेरी या एक्सएमएलमध्ये शोधायच्या भाषेतली मजकुराची तुलना अक्षरांच्या कोडवर होते, त्यामुळे नावानं शोधलं की सभासद 'सापडत नाही'. नावावर कधीही जोडणी करू नका. सभासद क्रमांकावरच करा.

६. जॉब यशस्वी, ओळी शून्य

एरर देणारी फाईल मला परवडते, कारण ती लगेच कळते. ही कळत नाही. केंद्राच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि मुळाच्या टॅगमध्ये नेमस्पेस (टॅगची नावं कोणत्या संचातली ते सांगणारी खूण) जोडली गेली, की जुन्या पाथला (टॅगपर्यंतच्या मार्गाला) काहीच सापडत नाही. एक्सएमएलच्या दृष्टीनं ते आता वेगळ्याच नावाचे टॅग असतात, आणि काहीच न सापडणं ही एरर नसते. 'विथ एक्सएमएलनेमस्पेसेस' वापरून तीच नेमस्पेस डीफॉल्ट म्हणून जाहीर करा. लहान-मोठ्या लिपीतला फरकही बघा, टॅगच्या नावात तो मोजला जातो.

चढवण्याच्या शेवटी दोन तपासण्या कायमच्या घाला. शून्य ओळी आल्या तर जॉब मुद्दाम फेल करा. आणि केंद्राच्या फाईलमध्येच एकूण नोंदी व एकूण लिटर पाठवायला लावून ती बेरीज टेबलशी जुळवा. बेरीज जुळली नाही तर सगळं रोलबॅक, म्हणजे चढवलेलं मागे घ्यायचं.

७. तारखा

केंद्र '१२/०५' पाठवतं, म्हणजे १२ मे. कोड ते मजकूर म्हणून घेतं आणि तारखेत बदलतं, आणि लॉगिनची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर ती होते ५ डिसेंबर. १३ तारखेला तेरावा महिना नसल्यामुळे एरर येते, आणि सगळ्यांना वाटतं की दोष आज सुरू झाला. तो एक तारखेपासून चालू असतो. १ ते १० मेच्या बिलात फक्त ५ तारखेचं दूध दिसलं, तर दुसरं कारण शोधायची गरज नाही: ०५/०५ उलटं केलं तरी तेच राहतं.

रूपांतर करताना स्टाइल १०३ (दिवस/महिना/वर्ष) स्पष्ट लिहा. पाठवणारा ऐकत असेल तर वर्ष, महिना, दिवस असे सलग आठ अंक मागा, त्यावर भाषेच्या सेटिंगचा परिणाम होत नाही. मधे आडव्या रेघा घातलेली तारीख सुरक्षित वाटते, पण जुन्या डेटटाइम प्रकारात तीही सेटिंगनुसार उलटू शकते. आधीच चढलेल्या नोंदींत भविष्यातल्या तारखा शोधा, चोर तिथे सापडतो.

८. सर्व्हर हळूहळू मंदावतो

इथून पुढे डेटाबेसची समज हवी. जुन्या कोडमध्ये ओपनएक्सएमएल (एक्सएमएल वाचायची जुनी पद्धत) असेल, तर आधी 'प्रिपेअर डॉक्युमेंट' चालतं आणि शेवटी 'रिमूव्ह डॉक्युमेंट' चालायला हवं. मधेच एरर आली आणि कोड तिथून बाहेर पडलं, की काढायचं राहतं आणि तो दस्तऐवज सेशन संपेपर्यंत मेमरीत बसून राहतो. त्या पार्सरला सर्व्हरच्या एकूण मेमरीचा आठवा हिस्सा वापरता येतो, म्हणजे गळती छोटी नाही. उघडे राहिलेले दस्तऐवज 'डीएम एक्झेक एक्सएमएल हँडल्स' या फंक्शनला शून्य देऊन बघता येतात. रीस्टार्टनं बरं वाटतं ते यामुळेच, सगळी सेशन तुटतात.

जमेल तेव्हा ते कोड 'नोड्स' आणि 'व्हॅल्यू' या पद्धतींवर आणा. पाथच्या शेवटी 'टेक्स्ट' लिहायला विसरू नका, मोठ्या फाईलवर फरक डोळ्यांना दिसतो. आणि दर बिलाला एक्सएमएल कॉलममध्येच शोधत बसू नका. फाईल एकदा फोडून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) साध्या कॉलममध्ये ठेवा, मूळ एक्सएमएल फक्त पुराव्यापुरतं. एक्सएमएल इंडेक्स हा पर्याय आहे, पण तो जागा भरपूर खातो आणि टेबलला क्लस्टर्ड प्रायमरी की लागते. रोज चढणाऱ्या माहितीला मी तो टाळतो.

कुठे थांबायचं

एरर लॉगमध्ये ८२३, ८२४ किंवा ८२५ दिसला, तर हा एक्सएमएलचा विषयच नाही. डिस्क किंवा डेटाबेसची पानं खराब होत आहेत. ८२५ विशेष लक्षात ठेवा: पुन्हा वाचल्यावर काम झालेलं असतं, त्यामुळे कुणी बघत नाही, पण डिस्क जाण्याची ती पूर्वसूचना असते. अशा वेळी डेटाबेस डिटॅच करू नका, सर्व्हर सारखा रीस्टार्ट करू नका, आणि 'रिपेअर अलाऊ डेटा लॉस' तर चालवूच नका. त्याच्या नावातच माहिती जाईल असं लिहिलंय. जुने बॅकअप पुसले जाणार नाहीत याची खात्री करा आणि अनुभवी डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्या तज्ज्ञाला) त्याच दिवशी बोलवा.

मूळ फाईल नाही आणि टेबलमध्ये प्रश्नचिन्हं आहेत, तरीही थांबा. अंदाजानं नावं भरू नका. केंद्राच्या रजिस्टरवरून सचिवांनी सहीनिशी यादी द्यावी, मगच ती भरायची.

आणि चुकीच्या आकड्यांवरून बिल वाटलं गेलं असेल, तर अपडेट क्वेरी लिहून ते गुपचूप नीट करू नका. लेखा विभागाला आणि ऑडिटरला आधी सांगा, फरकाची नोंद त्यांच्या पद्धतीनं पुढच्या बिलात होऊ द्या. जुनी नोंद तशीच राहू दे.